अठरा मीटर सरकवलेली बोअर

जमिनीत भोकं पाडणं हा माझा धंदा. कुणाला तो सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पाणी लागतं का हो खात्रीनं?" पाणी शोधत नाही मी. पूल, पाण्याची टाकी, सरकारी इमारत असं काही उभं राहायचं असलं की तिथली जमीन किती भार घेईल ते तपासायचं आणि कागदावर सही करून सांगायचं, हे माझं काम. कुडाळच्या एमआयडीसीत आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. एक बोअरिंगचं यंत्र आहे, तेही माझ्यासारखंच आता कुरकुरतं. बावीस वर्षांत एकाही उद्घाटनाला मला कुणी बोलावलेलं नाही आणि त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की माती तपासणीचा अहवाल म्हणजे शाळेत लावायच्या जन्मदाखल्यासारखा एक कागद, अशी सगळ्यांची समजूत आहे. फायलीला लागला म्हणजे झालं. आत काय लिहिलंय ते वाचायचं नसतं.

आणि आमच्याकडची जमीन तर पक्की लबाड. वर जांभा. टणक, तांबडा, त्याच्या चिऱ्यांची घरं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. पण जांभ्याच्या खाली शेडी असते. पांढरी, गुलाबी, पिवळट, दिसायला देखणी आणि ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत. जांभ्याचा थर कुठे दहा मीटर असतो, कुठे जेमतेम दोन, आणि त्याखाली शेडी किती हे वरून बघून सांगता येत नाही. त्यासाठी भोक पाडावं लागतं, आणि जिथं पाया येणार तिथंच पाडावं लागतं. हे एवढं एक वाक्य मी आजवर शंभर साहेबांना सुनावलं असेल. ज्या दिवशी ते स्वतःला सुनवायचं होतं, त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्याचीच ही हकिगत.

माझं माहेर मालवण तालुक्यात, खाडीच्या पलीकडच्या काठावर. एक वाडी, तीसेक घरं, भात, थोडे काजू, थोडी मासेमारी. अलीकडच्या काठावर डांबरी रस्ता, एसटी, शाळा, दवाखाना. मध्ये खाडी. होडीनं पंधरा मिनिटं, पण होडी भरती-ओहोटीच्या तंत्रानं चालणार, आणि पावसाळ्यात वारा सुटला की तीही बंद. मग डोंगराकडून वळसा, तो अर्ध्या दिवसाचा. माझ्या लहानपणापासून वाडीत एकच विषय, पूल. प्रत्येक निवडणुकीला पूल यायचा आणि निकालानंतर परत जायचा.

वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. मला शिकवलं ते काकांनी, म्हणजे वडिलांच्या चुलत भावानं. इंजिनिअरिंगला जायच्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन ते गुडघाभर पाण्यातून होडीपर्यंत आले होते. होडीतल्या माणसांना म्हणाले, "आमचां चेडू इंजिनेर जातलां नि आमका पूल बांधून देतलां." पोर इंजिनिअर होऊन पूल बांधणार, हे ऐकून माणसं हसली. काका हसले नव्हते.

काका वाडीतले मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून त्याच्याशी रोखठोक बोलणं. आम्ही असं असं करतोय, सांभाळून घे, काही चुकलं असेल तर पदरात घे, आणि कोण आडवा आला तर त्याचं तू बघून घे. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. काकांचा आवाज असा की देवसुद्धा नाही म्हणायला बिचकत असेल. त्यांच्यापुढे मी आजवर आवाज चढवला नव्हता. चढवायचं मनातही आलं नव्हतं.

पूल शेवटी खरंच मंजूर झाला आणि दोन्ही काठांच्या माती तपासणीचं काम निविदेतून माझ्याकडे आलं. मी कुणाच्या पायाही पडले नव्हते, पण वाडीत बातमी अशी गेली की आपल्या चेडवानं पूल आणला. मीही ती फार खोडून काढली नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

यंत्र पलीकडे न्यायलाच दोन दिवस गेले. दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या, त्यावर इंजिन, तीन पायांचं तिकाटणं, नळ्या आणि तो साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा. हा हातोडा ठरलेल्या उंचीवरून नळीवर पाडायचा आणि नळी एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं, यावर आमचं सगळं शास्त्र उभं. ठोके पन्नासच्या वर गेले की जमीन घट्ट. दोन-चार ठोक्यांत नळी गेली की देवाचं नाव घ्यायचं.

नकाशात पुलाचा पलीकडचा टेकू, ज्यावर पुलाचं शेवटचं टोक बसणार होतं, तो येत होता नेमका काजऱ्याच्या झाडापाशी. त्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. वाडीची राखण करणारा देव. देऊळ नाही, घुमटी नाही, नुसता उभा दगड. वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा, एरवी त्या बाजूला कुणी फिरकत नाही.

यंत्र उतरवलं, मी टेपनं माप घेऊन खुंटी मारली, तेवढ्यात काका आले. खुंटीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं.

"हंय नको गो," ते म्हणाले. "जरा बाजूक घे."

"काकानू, नकाशात हीच जागा आसा."

"आसांदे. देवाच्या पायाशी भोक नको."

बस्स, एवढंच. ना धमकी, ना आरडाओरडा. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला बोअरिंगचा मिस्त्री माझ्याकडे बघत उभा होता. दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर मी तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना उभं करून त्याच जागेवर यंत्र लावलं असतं. लावलेलंही आहे. एका गावात माझ्या अंगावर कोयता घेऊन आलेल्या माणसाला मी नकाशा उलगडून दाखवला होता. पण इथं समोर ट्रंक वाहून नेणारा माणूस होता. मी म्हटलं, "बरां."

मिस्त्री मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, भोक सरकवलं तर पायाही सरकवायला लागेल. नाहीतर कशाला मारायचं?"

"मी बघते," म्हटलं. मी काय बघणार होते ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या बाजूला अठरा मीटर सरकून आम्ही बोअर घेतली. सुरेख लागली. पहिल्या मीटरपासून जांभा, सलग, अकरा मीटरपर्यंत, आणि त्याखाली काळा पाषाण. ठोक्यांचे आकडे असे की कुणाही इंजिनिअरला त्यावर आडवं पडून झोप लागावी. जमिनीतून निघालेले दगडाचे दांडके लाकडी पेटीत ओळीनं मांडले, फोटो काढला. काकांनी माणसांकरवी शहाळी पाठवली. मी ती प्यायलेसुद्धा.

भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती सख्खी निघाली.

अहवालात मात्र मी एक वाक्य लिहिलं. स्थानिक हरकतीमुळे पलीकडच्या काठावरची बोअर अठरा मीटर सरकवून घेतली आहे, तरी पाया भरण्यापूर्वी मूळ जागी आणखी एक बोअर घेणं आवश्यक आहे. तेवढं लिहिलं आणि मला वाटलं, सुटले. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसला तो प्रकार. आपण शहाणपणही दाखवलं आणि काकांचं मनही मोडलं नाही.

आठवडाभरानं कचेरीतून बोलावणं आलं. हे काम पाहणारा उपअभियंता होता देशावरचा, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, बोलायला गोड. त्यानं अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिलनं त्या वाक्याखाली रेघ मारली.

"मॅडम, हे वाक्य राहिलं तर प्रस्ताव परत येणार. हरकत म्हणजे कसली हरकत, जमिनीचा वाद आहे का, मग त्याचं पत्र आणा. एकदा परत आला की या वर्षाची मंजुरी गेली. तुम्हीच म्हणता ना, दोन्ही बाजूंना जांभा आहे?"

"दोन्ही बाजूंना नाही. जिथं भोक पाडलं तिथं."

"अठरा मीटरमध्ये असा काय फरक पडतो?"

इथं मी त्याला शेडी म्हणजे काय ते सांगायला हवं होतं. सांगितलंही थोडंसं. तो मान डोलवत राहिला आणि अहवाल तसाच माझ्याकडे सरकवून ठेवला. त्यानं दमदाटी केली नाही. कागद फाडला नाही. त्याच्यावर मी नंतर सगळ्या जगासमोर तोंडसुख घेतलं, पण त्या वेळी त्यानं फक्त विचारलं होतं. वाक्य मी काढलं. नवीन पान छापलं, सही केली, शिक्का मारला आणि बाहेर येऊन टपरीवर चहा प्यायले. प्रस्ताव गेला आणि मंजूर झाला.

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. माझं त्याच्याशी आता नातं संपलं होतं. पण माहेरचा पूल, म्हणून काकांनी निरोप पाठवला, राखणदार हलवतो आहोत, ये.

मी तो निरोप दोनदा ऐकला. राखणदार हलवतो आहोत?

गेले. सगळी वाडी काजऱ्याखाली जमलेली. ठेकेदार होता, त्याच्या हातात नारळांची पिशवी. काकांनी गाऱ्हाणं घातलं, आणि काय घातलं! "बा देवा म्हाराजा, हय तुझी लेकरां आज तुका जाग्यावरसून उठवतत, ती काय तुझो अपमान करूक न्हय. पूल येतासा, लेकरांची सोय जातासा. तुका बसाक चांगली जागा केली आसा. मनात राग धरू नको, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली. बायका म्हणाल्या. माझ्या शेजारी उभी असलेली माझी आई म्हणाली. नारळ फुटला. चार जणांनी दगड उचलला आणि डोंगराच्या बाजूला बांधलेल्या नव्या चौथऱ्यावर नेऊन ठेवला, मी बोअर घेतली होती त्याच्या जवळच, घट्ट जांभ्यावर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुलासाठी देव हलतो. सिमेंटसाठी हलतो. ठेकेदाराच्या जेसीबीला वाट हवी म्हणून हलतो. माझ्या वीतभर रुंदीच्या भोकासाठी तो हलायला तयार नव्हता! एक नारळ तेव्हा फोडला असता तर? एक गाऱ्हाणं तेव्हा घातलं असतं तर? देव एवढा समजूतदार होता हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही, कारण देव हलवता येतो हे या वाडीत जन्मून मला माहीत असायला हवं होतं. इंजिनिअर झाले आणि घरची साधी रीत विसरले.

 आईनं शिरा खायला घातला, तो खाल्ला आणि परत आले.

चार दिवसांनी राहवलं नाही म्हणून पुन्हा गेले. पायाचा खड्डा खणून झाला होता. तळाला जांभा होता, तांबडा, दिसायला चांगला. पण खाडीकडच्या कोपऱ्यात ओल होती. खाडीचं पाणी असतं तर खारट आणि गढूळ असतं. हे नितळ होतं, जांभ्याच्या फटीतून हळूहळू पाझरत होतं, आणि त्याबरोबर चिमूटभर पांढरं काहीतरी येत होतं. मी खड्ड्यात उतरले, ते बोटांवर घेतलं, चोळलं. साबण.

मी तिथूनच उपअभियंत्याला फोन लावला. काम थांबवा, इथं बोअर घ्यायला हवी.

"कशावरून?"

"शेडी आहे खाली."

"मॅडम, तुमच्या अहवालात तर अकरा मीटर जांभा आहे. खाली पाषाण आहे. अहवाल तुमचा, सही तुमची."

"ती बोअर इथली नाही. सरकवली होती. तुम्हाला माहीत आहे."

"अहवालात तसं काही नाही," तो म्हणाला. आणि हे तो अगदी शांतपणे म्हणाला, याचा मला जास्त संताप आला. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी फोन ठेवल्यावर ओरडले. खड्ड्यातले मजूर वर बघायला लागले. पण चोर कोण, हे तेव्हाही मला माहीत होतं. त्याच्याकडे माझा कागद होता. माझ्याकडे बोटावरची पांढरी माती.

सोमवारी काँक्रीट पडणार होतं. शनिवारी मी यंत्र पुन्हा होड्यांवर चढवलं. कुणाची परवानगी नाही, कुणाचा आदेश नाही. ठेकेदाराचा माणूस आडवा आला, त्याला मी म्हटलं, "माझ्या माहेरच्या जमिनीत मी भोक पाडते आहे, तुला काय त्रास?" एवढं जोरात म्हटलं की तो बाजूला झाला.  मिस्त्रीनं खड्ड्याच्या तळाशी, बरोबर मध्यावर, तिकाटणं उभं केलं. वर काठावर वाडीतली माणसं जमली. काका सगळ्यांत मागे, नव्या चौथऱ्याला टेकून उभे होते.

खड्ड्याच्या तळापासून दोन मीटर जांभा लागला. ठोके भरपूर. वरून कुणीतरी म्हणालं, "बघ, दगडच आसा!" दोन मीटर संपताच नळीतून येणारं पाणी एकदम गुलाबी झालं. मिस्त्रीनं दगड कापायची दात्याची नळी काढली, मोजणीची नळी लावली, हातोडा हळूच वर टेकवला. अजून ठोका मारलेलाही नव्हता. नुसत्या हातोड्याच्या वजनानं नळी सरसर खाली गेली, आणि मिस्त्रीचा हात दोरीवर तसाच राहिला.

साडेनऊ मीटरपर्यंत हेच. दोन ठोके, तीन ठोके, कुठे शून्य. वर दोन मीटर जांभ्याचं झाकण आणि खाली साडेसात मीटर लोणी. त्या झाकणावर पुलाचं एक टोक बसणार होतं, आणि त्या टोकावरून उद्या एसटी जाणार होती, शाळेची मुलं घेऊन.

त्या दिवशी पेटीत ठेवायला दांडकेच नव्हते. आम्ही गुलाबी माती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली.

मग मी पत्र लिहिलं. रविवारी दिवसभर लिहिलं, कारण पहिल्या तीन खर्ड्यांत मी वड्याचं तेल वांग्यावर काढत होते. कचेरीनं वाक्य काढायला लावलं, ग्रामस्थांनी हरकत घेतली, वेळ कमी होता. चौथ्यात एवढंच राहिलं: माझ्या सहीनं दिलेला अहवाल पलीकडच्या टेकूबाबत चुकीचा आहे, बोअर मूळ जागी घेतलेली नव्हती, नवीन बोअरचे आकडे सोबत जोडले आहेत, काम त्वरित थांबवावं. सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभी होते. एक प्रत वरच्या साहेबाला, एक प्रत जिल्ह्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच; पण दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

काम थांबलं. तेवढ्याबाबत कचेरी फार तत्पर निघाली. मला नोटीस आली. पुढच्या दोन निविदांतून आमचं नाव बाद झालं. चूक झाकून ठेवली असती तर कदाचित आजही मी त्यांच्या यादीत असते, ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही. पुलाचा आराखडा बदलायचा ठरलं. खोल खांब, नवीन मंजुरी, नवीन ठेका. म्हणजे किती वर्षं, ते विचारायचं नाही.

आणि वाडी? वाडीत कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मीही चार दिल्या असत्या. त्यांनी फक्त बोलणं सोडलं. आई मालवणच्या बाजारात गेली की शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या चेडवान पूल आणलो नि तुमच्या चेडवानच व्हरलो." आणणारीनंच पूल नेला, हे आई मला फोनवर सांगायची आणि मग विचारायची, "तुका काय गरज होती गो?" सख्ख्या आईनं असं विचारावं! मी फोन आपटायची. त्या वर्षी चवतीला मी माहेरी गेले नाही. गणपती आला, विसर्जन झालं, मी कुडाळात मोदक करून एकटीनं खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यात आईचा निरोप आला की काकांचा पाय सुजलाय, होडी बंद, दवाखान्यात न्यायला वळसा पडतोय आणि ते जायला तयार नाहीत. मी डोंगराच्या वाटेनं गेले. काका पडवीत खुर्चीवर बसले होते, पाय स्टुलावर. मला बघून म्हणाले, "इलंस?" जणू काल भेटलो होतो.

मी त्यांच्यासमोर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. थोडा वेळ पावसाबद्दल बोललो, भाताबद्दल बोललो. मग तेच म्हणाले, "तुझां खरां होतां. ती जागा पोकळच."

"म्हणजे?"

"थंय जांभ्याखालसून वहाळ व्हावता. वरसून घट्ट दिसता. आमच्या आज्याच्या येळेक जांभो फुटान भरलेलो गाडो आत गेलो थंय, बैलांसकट. बैल काय वर इले नाय. म्हणान थंय देव बसयलो, कोणी घर बांधू नये म्हणान."

वहाळ म्हणजे ओढा; खड्ड्यात पाझरणारं ते नितळ पाणी त्याचंच होतं. मग माझ्यात इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी उभी राहिले आणि काकांवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "तुमका म्हायत होतां? मी खुंटी मारली तेवा म्हायत होतां? मग सांगूक काय झालां होतां तुमका? देवाच्या पायाशी नको म्हणालात! वहाळ आसा म्हणान सांगूक तोंड नाय होतां?"

आतून काकू धावत आली. काकांनी तिला हातानं थांबवलं.

"तू इंजिनेर," ते म्हणाले. "तुका मी काय सांगूचां? मशीन घेवन इलं होतंस. माका वाटलां, तुका कळतलांच."

"मी भोक बाजूक घेतलंय ना, तुमी सांगलात म्हणान! मग कसां कळतलां?"

त्यांनी माझ्या शिक्षणाची भीड धरली आणि मी त्यांच्या वयाची. दोघांच्या भिडेमध्ये साडेसात मीटर शेडी तशीच राहिली. पण माझा राग उतरला नव्हता. एक गोष्ट उरत होती आणि ती विचारल्याशिवाय मी उठणार नव्हते.

"आणि देव हलवलात तेवा?" मी विचारलं. "पाया थंयच येतासा ता दिसत होतां तुमका. तुमीच गाऱ्हाणां घातलात. तेवा काय झालां होतां?"

काकांनी पायाकडे बघितलं. सुजलेली कातडी चकचकत होती. त्यांचा तो आवाज, ज्यानं ते देवाला दटावायचे, तो कुठे गेला होता कोण जाणे.

"पूल व्हयो होतो गो माका," ते म्हणाले. "मी आसतानाच व्हयो होतो. म्हटलंय, आज्यान सांगितलेलां खोटांय आसात."

मला आणखी ओरडायचं होतं. वाडीतली मुलं त्या पुलावरून जाणार होती, हे त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. आणि तेव्हा मला कचेरीतलं ते टेबल आठवलं, पेन्सिलची रेघ आठवली, आणि मंजुरी जाईल असं उपअभियंता म्हणाला होता तेही आठवलं. मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते की त्यानं गोड बोलून वाक्य काढायला लावलं. त्यानं कुठं लावलं होतं? मला पूल हवा होता. माझ्या माहेरी, त्याच वर्षी, माझ्या सहीचा. अठरा मीटरमध्ये काय फरक पडतो, असं त्याच्या आधी मीच मनाशी म्हणून झाले होते.

मी खाली बसले. काकू अजून दारात उभी होती.

"पाय दाखवायला चला," मी काकांना म्हटलं, माझ्या कचेरीतल्या मराठीत, कारण दुसरी भाषा त्या वेळी तोंडात येईना. उठण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, आणि तो धरून आम्ही अर्ध्या दिवसाच्या वळशाला निघालो.